मोठ्या प्रतिमा, लहान संगणक : वैद्यकीय चित्रे दूर पाठविताना येणाऱ्या अडचणी आणि त्यांचे निवारण

(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचे शब्दांकन)



आजचा विषय ऐकून काहींच्या मनात सहज प्रश्न आला असेल की, कापडाच्या गादीवर बसणाऱ्या माणसाचा सी.टी. स्कॅनच्या चित्रांशी काय संबंध? मी वैद्य नाही, अभियंताही नाही. वाणिज्य शाखेचा एक पदवीधर आहे. परंतु माल एका गावाहून दुसऱ्या गावी सुखरूप पोहोचविणे, तो मोजून घेणे आणि वाटेत अडकला तर नेमका कोठे अडकला हे शोधणे, यात माझे आयुष्य गेले आहे. वैद्यकीय प्रतिमा दूरच्या तज्ज्ञाकडे पाठविणे हे कामही स्वभावतः याच जातीचे आहे, असे या विषयाचा अभ्यास करताना माझ्या ध्यानात आले.

हा विषय आपल्या जिव्हाळ्याचा का आहे, हे प्रथम पाहू. राजुऱ्याहून चंद्रपूर सुमारे ३० किलोमीटर, तेथून नागपूर आणखी सुमारे १५० किलोमीटर. चंद्रपूरला २०१५ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, ही समाधानाची गोष्ट होय. तथापि जिवतीच्या डोंगरावरील वस्ती, किंवा गडचिरोली जिल्ह्यातील भामरागड, सिरोंचा यांचा विचार केला की अंतराचा अर्थच बदलतो. पर्लकोटेला पूर आला की भामरागडचा संपर्क तुटतो, हे आपण वर्षानुवर्षे पावसाळ्यात वाचत आलो आहोत. अशा ठिकाणी रुग्णाला तज्ज्ञाकडे नेण्याआधी त्याची प्रतिमा तज्ज्ञाकडे पोहोचली, तर पुष्कळ काही साधते.

पक्षाघाताचेच उदाहरण घ्या. मेंदूच्या रक्तवाहिनीत गुठळी अडकली असेल, तर ती विरघळविणारे औषध साधारणपणे साडेचार तासांच्या आत द्यावे लागते. पण मेंदूत रक्तस्राव झाला असेल, तर तेच औषध घातक ठरते. या दोहोंतील भेद स्कॅन पाहिल्यावाचून कळत नाही. म्हणजे यंत्राने प्रतिमा काढली, पण ती तज्ज्ञाच्या पडद्यावर वेळेत आणि पूर्ण पोहोचली नाही, तर रुग्णाच्या दृष्टीने ती न काढल्यासारखीच झाली.

आपल्या देशात या कामाचा प्रारंभ होऊन पाव शतक लोटले. मार्च २००० मध्ये आंध्र प्रदेशातील चित्तूर जिल्ह्यातल्या अरगोंडा या खेड्यात अपोलो रुग्णालयाने दूरवैद्यक केंद्र सुरू केले. २००१ पासून भारतीय अंतराळ संशोधन संस्थेने उपग्रहाच्या साहाय्याने दूरची रुग्णालये मोठ्या रुग्णालयांशी जोडण्याचे प्रयोग हाती घेतले. २०१९ पासून शासनाची ई-संजीवनी सेवा आहे. मार्ग आता उपलब्ध आहेत. प्रश्न उरतो तो मालाच्या आकाराचा आणि आपल्याकडील साधनांच्या मर्यादेचा.

हा माल केवढा असतो? थोडे गणित मांडतो. सी.टी. स्कॅन म्हणजे शरीराच्या अनेक आडव्या कापांची चित्रे. एका चित्रात ५१२ ओळी आणि प्रत्येक ओळीत ५१२ बिंदू असतात. प्रत्येक बिंदूस दोन बाइट, म्हणजे एका चित्राचे ५,२४,२८८ बाइट, ढोबळमानाने अर्धा एमबी. जाड कापांची ३० चित्रे असली तर १५ एमबी, पातळ कापांची ३०० असली तर १५० एमबी आणि छाती व पोट मिळून १,००० चित्रे झाली तर ५०० एमबी. आता आपली इंटरनेट जोडणी पाहा. जाहिरातीत मोठा आकडा असतो तो माल उतरवून घेण्याच्या वेगाचा. माल पाठविण्याचा वेग पुष्कळ जोडण्यांमध्ये त्याहून फार कमी असतो. शिवाय वेग बिटमध्ये सांगतात आणि फाइल बाइटमध्ये मोजतात. आठ बिट म्हणजे एक बाइट. पाठविण्याचा वेग ५१२ केबीपीएस असेल, तर १५० एमबीला सुमारे ३९ मिनिटे लागतात, तीही जोडणी एकदाही खंडित झाली नाही तर.

येथे पहिला उपाय हाती येतो आणि त्यास एक पैसाही खर्च नाही. सर्व चित्रे एकदम पाठवू नयेत. तातडीच्या रुग्णाची जाड कापांची ३० चित्रे अगोदर पाठवावीत. त्याच जोडणीवरून ती सुमारे चार मिनिटांत जातात. ती पाहून तज्ज्ञ रक्तस्रावाविषयी पहिले मत देऊ शकतो. पातळ कापांची चित्रे मागाहून जाऊ द्यावीत. लग्नघरची गाठ आणि दुकानाच्या साठ्याची गाठ एकाच गाडीत आली, तर आपण आधी कोणती उतरवितो, तोच हा विवेक आहे.

आता मुख्य भाग, अडचण शोधण्याचा. चित्र गेले नाही की 'संगणक जुना झाला, नवा घ्या' असा सल्ला सर्रास मिळतो. तो कधी खराही असतो. परंतु निर्णय परीक्षेअंती घ्यावा. मालाची वाट अशी असते : स्कॅन यंत्र, तेथून केबलने केंद्रातील संगणक, तेथून राउटर, पुढे इंटरनेट आणि शेवटी तज्ज्ञाचा संगणक. गाठ हरवली की आपण बिल्टी हाती घेऊन नाक्यानाक्यावर विचारपूस करतो. येथेही तसेच करावे, आणि आरंभ आपल्या दारापासून करावा.

पहिला नाका नावपत्त्याचा. ही यंत्रे 'डायकॉम' नामक समान भाषेत बोलतात. तिची आजची आवृत्ती १९९३ साली आकारास आली. या भाषेत प्रत्येक यंत्राला एक नाव, एक पत्ता आणि एक दार असते. त्यांना एई टायटल, आयपी पत्ता आणि पोर्ट म्हणतात. तिन्ही गोष्टी दोन्ही बाजूंना तंतोतंत जुळाव्या लागतात; नावातील लहान-मोठ्या इंग्रजी अक्षराचाही फरक पुष्कळदा चालत नाही. आपल्याकडे वीज वारंवार जाते. वीज परत आली की राउटर पुन्हा सुरू होतो आणि संगणकास कधीकधी नवा पत्ता देतो. स्कॅन यंत्र मात्र जुन्याच पत्त्यावर माल पाठवीत बसते. आमच्या परिचयातील एका केंद्रात हा प्रकार कित्येक दिवस चालला होता आणि दोष संगणकाच्या वयावर ढकलला जात होता. संगणकास कायमचा ठरावीक पत्ता दिल्यावर तक्रार संपली. दार उघडे आहे की नाही, हे पाहण्यासाठी 'डायकॉम इको' नावाची सोय असते. ती म्हणजे दारावरची घंटा. तिला उत्तर आले तर पत्ता बरोबर आहे असे समजावे आणि पुढच्या नाक्याकडे वळावे.

दुसरा नाका घरातल्या केबलचा. ५०० एमबीचा एक संच घरातील एका संगणकावरून दुसऱ्यावर पाठवून घड्याळ लावावे. १०० एमबीपीएसच्या साध्या जाळ्यात त्यास सुमारे मिनिटभर लागावे. दहा मिनिटे लागली तर दोष घरात आहे. उंदराने कुरतडलेली केबल, सैल जोड किंवा बिघडलेला स्विच. अशा वेळी इंटरनेट कंपनीशी वाद घालण्यात अर्थ नाही. हीच चाचणी चोख निघाली, तर दोष घराबाहेर शोधावा.

तिसरा नाका संगणकाच्या पोटातला. येथे तीन गोष्टी तपासाव्यात. हार्ड डिस्क भरत आली असेल, तर चित्रे घेणे मध्येच थांबते. काही भाग सदैव रिकामा राखावा. दुसरे, मेमरी. ३२ बिटची विंडोज ४ जीबीपेक्षा अधिक मेमरी वापरू शकत नाही, मग आत कितीही बसवा. चित्रे पाहण्याची आज्ञावली सगळी चित्रे एकदम उघडू लागली की मेमरी संपते आणि संगणक डिस्कवर उसनवारी करू लागतो. मग तो मंदावतो. अशा वेळी इतर कामे बंद ठेवावीत, एका वेळी एकच संच उघडावा आणि खर्च करायचाच असेल तर मेमरी वाढविणे व एसएसडी बसविणे हा थोडक्यात मोठा गुण देणारा खर्च होय. तिसरे, अँटिव्हायरस. हजार चित्रांच्या हजार फाइली तो एकेक करून तपासत बसतो. त्यास बंद करू नये. केवळ चित्रांच्या साठ्याचा कप्पा जाणकाराच्या सल्ल्याने त्या तपासणीतून वगळावा.

चौथा नाका बाहेरच्या वाटेचा. येथे गाठ केवढी बांधावी, हा प्रश्न येतो. रस्ता चांगला असेल तर हजार लहान फाइलींपेक्षा एकच मोठी गाठ लवकर जाते. पण जोडणी वारंवार तुटत असेल, तर ५०० एमबीची एकच गाठ शेवटच्या टप्प्यात तुटून पुन्हा पहिल्यापासून पाठवावी लागण्याचा धोका असतो. अशा जागी चित्रे सुटी जाऊ द्यावीत, म्हणजे गेलेली गेली आणि उरलेलीच पुन्हा पाठवायची. किंवा तुटल्या जागेपासून पुढे चालू होणारी आज्ञावली वापरावी. साध्या ई-मेलची मर्यादा बहुधा २५ एमबीची. ते या मालाचे वाहन नव्हे. पेन ड्राइव्हने न्यायचे झाल्यास 'फॅट-३२' पद्धतीचा पेन ड्राइव्ह ४ जीबीहून मोठी एक फाइल स्वीकारीत नाही, हेही ध्यानी ठेवावे.

येथे एक सावधगिरीची सूचना. वेळ वाचविण्यासाठी काहीजण पडद्याचा मोबाइलवर फोटो काढून पाठवितात. तातडीची पूर्वसूचना म्हणून तो ठीक; निदानासाठी नव्हे. स्कॅनमधील प्रत्येक बिंदूला एक मोजमाप असते. पाण्याचे शून्य, हवेचे उणे १०००, हाडाचे त्याहून पुष्कळ वर. हे मोजमाप ज्यांच्या नावे ओळखले जाते त्या गॉडफ्री हाउन्सफील्ड यांच्या यंत्राने १९७१ साली लंडनमध्ये रुग्णाचा पहिला स्कॅन झाला. तज्ज्ञ हीच मोजमापे पुढे-मागे सरकवून कधी हाड, कधी मेंदू, कधी फुप्फुस पाहतो. फोटोत यांपैकी एकच दृश्य गोठते. सूक्ष्म रक्तस्राव त्यात लोपू शकतो. आकार कमी करायचाच असेल, तर एकही बिंदू न गमावणारी संकोचन पद्धत वापरावी. तीत चित्र साधारणतः निम्म्यावर किंवा एकतृतीयांशावर येते आणि उलगडल्यावर मूळ जसेच्या तसे मिळते. घडी घातलेले कापड आणि कातरलेले कापड यांतील भेद आपणास सांगणे नलगे.

आणि सर्वांत महत्त्वाचे, मोजदाद. बिल्टीवर ४० तागे लिहिलेले आणि उतरले ३८, तर आपण पोच लिहून देत नाही. पाठविणाऱ्याने चित्रांची संख्या कळवावी, घेणाऱ्याने ती मोजून पोच द्यावी आणि पोच मिळेपर्यंत मूळ चित्रे पुसू नयेत. ३०० पैकी २६० चित्रेच पोहोचली, तर पडदा रिकामा दिसत नाही. चित्र पूर्ण असल्याचाच भास होतो आणि धोका तेथेच असतो. गाठ उरलेल्या ४० चित्रांतही असू शकते. त्याचप्रमाणे प्रत्येक चित्राच्या पोटात रुग्णाचे नाव, वय लिहिलेले असते. ते मित्रमंडळींच्या गटात फिरविणे हा त्या रुग्णाचा विश्वासघात आहे. २०२३ च्या वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने या जबाबदारीस आता कायद्याचेही अधिष्ठान दिले आहे.

ही सारी व्यवस्था फार खर्चिक असते, असा समज आहे. बेल्जियममधील लीएज विद्यापीठ रुग्णालयात जन्मलेली 'ऑर्थांक' ही आज्ञावली २०१२ पासून विनामूल्य उपलब्ध आहे. ती साध्या संगणकावर चालते. चित्रे घेते, साठविते आणि पुढे पाठविते. तिच्या जोडीला एक बरा यूपीएस असावा, म्हणजे वीज गेली तरी चालू काम मध्येच तुटत नाही.

मात्र यंत्रापेक्षा अधिक गरज आहे ती शिकविलेल्या माणसाची. आपल्या शेजारच्या गडचिरोलीनेच हा धडा जगाला दिला आहे. डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने गावातल्याच स्त्रियांना नवजात बालकांच्या देखभालीचे शिक्षण दिले आणि त्या गावांतील नवजात मृत्यू ६२ टक्क्यांनी घटल्याचा निष्कर्ष १९९९ साली 'लॅन्सेट' या विख्यात नियतकालिकात प्रसिद्ध झाला. तेथे मोठे रुग्णालय उभारले गेले नव्हते. नेमके काय पाहायचे आणि कोणत्या क्रमाने करायचे, हे त्या स्त्रियांना ठाऊक होते. प्रतिमा पाठविण्याच्या कामातही प्रत्येक केंद्रावर असा एक तरुण किंवा तरुणी हवी, जिला पत्ता, केबल, डिस्क, जोडणी आणि मोजदाद हा क्रम मुखोद्गत आहे. हा क्रम एका कागदावर लिहून संगणकाशेजारी भिंतीवर लावावा. रात्री दोन वाजता अनुभवी माणूस घरी गेलेला असतो, तेव्हा तो कागदच उपयोगी पडतो.

आपल्या समाजात दान देण्याची परंपरा मोठी आहे. यंत्र देणाऱ्याचे नाव फलकावर लागते, ते योग्यच आहे. परंतु यापुढे यंत्रासोबत ते चालविणाऱ्याच्या शिक्षणाचा खर्च, यूपीएसच्या बॅटरीचा खर्च आणि दरवर्षीच्या देखभालीचा खर्चही दात्यांनी उचलावा, अशी माझी नम्र विनंती आहे. या खर्चांवर कोणाचे नाव कोरले जात नाही. पण पावसाळ्याच्या एखाद्या रात्री, रस्ता बंद असताना, एखाद्या मुलाची ३० चित्रे चार मिनिटांत नागपूरला पोहोचतील ती याच खर्चामुळे.