वऱ्हाडचा कापूस आणि अमेरिकेचा पश्चिमविस्तार

जॉन ओ'सलिव्हन या पत्रकाराने १८४५ साली संपूर्ण खंड व्यापणे हे अमेरिकेचे ईश्वरनियोजित भवितव्य असल्याचे प्रतिपादन केले आणि ‘मॅनिफेस्ट डेस्टिनी’ नावाच्या या विचारसरणीने टेक्सासच्या सामिलीकरणाला व मेक्सिकोवरील युद्धाला नैतिक आवरण पुरवले. परंतु दक्षिणेकडील मळेवाल्यांना कापसासाठी नवी जमीन आणि तीवर राबणारे गुलाम हवे असल्यामुळे, नव्या प्रदेशात गुलामगिरीला मुभा असावी काय, हा वाद चिघळत जाऊन १८६१ मध्ये गृहयुद्ध पेटले.

इकडे १८५३ सालीच कंपनी सरकारने हैदराबाद कंटिंजंटच्या, म्हणजे इंग्रज अधिकाऱ्यांच्या हुकमतीखालील पण निजामाच्या पैशावर पोसलेल्या फौजेच्या, थकीत खर्चापोटी वऱ्हाड, धाराशिव-नळदुर्ग आणि रायचूर दोआब हे प्रदेश ताब्यात घेतले होते. पुढे १८६० मध्ये त्यांपैकी शेवटचे दोन निजामाला परत मिळाले, वऱ्हाड मात्र मिळाले नाही. थकबाकी हे कारण कागदोपत्री खरेच होते, तथापि कापसाच्या काळ्या जमिनीचा मोह त्यामागे नव्हता असे मानणे कठीण आहे.

अमेरिकेतील गृहयुद्धात उत्तरेच्या आरमाराने दक्षिणेची बंदरे रोखताच इंग्लंडमधील लँकेशायरच्या गिरण्यांना कापूस मिळेनासा झाला, त्यामुळे वऱ्हाड-खानदेशच्या मालाचे भाव कडाडले आणि मुंबईत सट्ट्याला ऊत आला; १८६५ मध्ये युद्ध संपताच भाव कोसळून अनेक पेढ्या व कंपन्या बुडाल्या. त्यानंतर आठ वर्षांनी महात्मा फुले यांनी ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ, गुलामांना दास्यमुक्त करणाऱ्या अमेरिकेतील सदाचारी लोकांना अर्पण केला.