कॅमेऱ्याच्या खोक्यावरचे आकडे

हातातलं काम चालू ठेवा, नुसते कान इकडे द्या.

सहयोगिनी म्हणून मी साताऱ्या-सांगलीकडच्या गटांच्या बैठकांना जाते. मालाचे फोटो काढायला छोटा डिजिटल कॅमेरा घ्यावा, असा विषय बैठकीत हमखास निघतो. विषय रास्त आहे. सांगलीची हळद, तासगावचा बेदाणा, माणदेशातली घोंगडी, यातलं काहीही बाहेरगावच्या गिऱ्हाइकाला आधी फोटोतच दिसतं. पण दुकानात गेलं की दुकानदार म्हणतो, "ताई, वीस मेगापिक्सेल आहे!" आणि आपण मान डोलावतो. पैसा मात्र बचतीचा असतो आणि हिशेब बैठकीत आपल्यालाच द्यायचा असतो. म्हणून आज खोक्यावरचे आकडे वाचायला शिकू.

पहिला आकडा मेगापिक्सेल. ठिपक्यांच्या रांगोळीसारखाच फोटोही बारीक ठिपक्यांचा बनतो. मेगा म्हणजे दहा लाख. आडवे ४००० आणि उभे ३००० ठिपके म्हणजे १ कोटी २० लाख, अर्थात १२ मेगापिक्सेल. आता आपली गरज बघा. ६ बाय ४ इंचाचा फोटो छापायला इंचाला ३०० ठिपके धरले, तर १८०० गुणिले १२०० लागतात. म्हणजे दोन मेगापिक्सेलहून थोडे जास्त. ए-फोर कागदभर छापायचा तर पावणेनऊ. त्यामुळं १२ आणि २० मधल्या फरकासाठी जास्त पैसे मोजायच्या आधी विचार करा.

दुसरा आकडा सेन्सरचा. पूर्वी कॅमेऱ्यात रीळ असायचं, त्याच्या जागी आता सेन्सर असतो. उजेड टिपायचं काम त्याचं. पुष्कळ छोट्या कॅमेऱ्यांवर १/२.३ इंच असं लिहिलेलं असतं. तो सेन्सर असतो जेमतेम ६ मिलिमीटर रुंद, करंगळीच्या नखाहून लहान. '१ इंच' लिहिलेला सेन्सरसुद्धा १३.२ बाय ८.८ मिलिमीटरच असतो. हा इंच शिवणाच्या टेपातला नव्हे. जुन्या टीव्ही कॅमेऱ्यांतल्या नळ्यांच्या मापावरून ते नाव पडलं. तरी पहिल्यापेक्षा त्याचं क्षेत्र सुमारे चौपट. वाफा तेवढाच ठेवून रोपं दाटीनं लावली, तर प्रत्येक रोपाला ऊन कमी मिळतं. लहान सेन्सरवर जास्त ठिपके कोंबले की तसंच होतं.

तिसरा आकडा भिंगाजवळ असतो, एफ ३.३ ते ५.९ असा काहीसा. हे भिंगाच्या तोंडाचं माप. इथं आकडा लहान तेवढा उजेड जास्त. एफ ४ पेक्षा एफ २ ला चौपट उजेड आत येतो. दोन आकडे असले तर पहिला झूम न करता, दुसरा पूर्ण झूम केल्यावर. म्हणून घरातल्या अंधुक उजेडात झूम करण्यापेक्षा दोन पावलं पुढं जा.

चौथा, आयएसओ. रेडिओचा आवाज फार वाढवला की खरखरही वाढते ना? आयएसओ चढवला की फोटो उजळतो, पण दाणेदार होतो. खोक्यावर ६४०० लिहिलंय म्हणून हुरळून जाऊ नका. दारात, सावलीतल्या उजेडात माल ठेवा. आयएसओ चढवायची वेळच येणार नाही.

पाचवा, झूम. ऑप्टिकल झूममध्ये भिंगं खरोखर पुढं-मागं सरकतात. डिजिटल झूममध्ये फोटोचा मधला तुकडा कापून ताणतात, त्यानं नवं काही दिसत नाही. विचारायचा तो ऑप्टिकलचा आकडा. बेदाण्याचा दाणा किंवा घोंगडीची वीण दाखवायची असेल, तर मॅक्रो किती सेंटिमीटरपर्यंत चालतो तेही विचारा.

आता रंगाचं. सांगलीच्या हळदीला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळालं. लोक नावावर आणि रंगावर विश्वास ठेवून घेतात. पिवळ्या बल्बखाली काढलेल्या फोटोत हळद भलतीच गडद दिसते. पुडी उघडल्यावर गिऱ्हाइकाला फसल्यासारखं वाटतं आणि ते परत येत नाही. म्हणून व्हाइट बॅलन्स आपल्याला बदलता येतो का ते बघा. मालाशेजारी पांढरा कागद ठेवून फोटो काढा. कागद पांढरा दिसला तर हळदही खरी दिसते.

दुकानात दोघी-तिघी जा. हळदीची पुडी आणि पांढरा कागद बरोबर न्या. "दादा, आधी एक फोटो काढून बघू द्या," असं सांगा. दुकानाच्या अंधुक कोपऱ्यात, फ्लॅशशिवाय काढा आणि पडद्यावर मोठा करून बघा. लगेच तोच फोटो गटातल्या एखादीच्या मोबाईलवर काढा. मोबाईलच्या खोक्यावरही हेच आकडे असतात. मोबाईलचा फोटो तितकाच चांगला आला, तर कॅमेऱ्याचे पैसे गटातच राहू द्या, कुणाच्या तरी कर्जाला उपयोगी पडतील. कॅमेरा सरस ठरला तर जरूर घ्या, आणि का घेतला ते ठराव वहीत दोन ओळींत लिहा. मग बैठकीत कुणी विचारलं, तर उत्तर तयार असेल.

येते मैत्रिणींनो. नमस्कार.