विटाळाचा कागद

(रत्नागिरी येथे दिलेले भाषण)



जुलमी सत्तेला शस्त्राची भीती वाटतेच. परंतु छापील कागदाची भीती तिला कमी वाटत नाही. १८३१ साली पॅरिस शहरात दोमिए नावाच्या तरुण चित्रकाराने दगडावर चित्र काढून त्याचे ठसे कागदावर उठविले. राजा लुई फिलिप राक्षसासारखा बसला आहे आणि गोरगरिबांचा पैसा टोपल्या भरभरून त्याच्या तोंडात ओतला जात आहे, असे ते चित्र. निरक्षरालाही कळावे असे. त्या चित्रापायी दोमिएला सहा महिन्यांची कैद झाली.

त्याच १८३१ साली मुंबईत गणपत कृष्णाजींनी अशाच शिळाछापावर पहिले मराठी पंचांग छापिले. तिकडे दगडाने राजाला जाब विचारला. इकडे दगडाने मुहूर्त सांगितला! त्या काळी सोवळे लोक छापील कागदास शिवत नसत. शाईत चरबी असते, तिचा विटाळ होतो, ही त्यांची समजूत. म्हणजे कागदही एके काळी अस्पृश्यच होता. पुढे शाईत तूप घातले आणि कागद शुद्ध झाला. माणसाला शुद्ध मानण्यासाठी मात्र तुपाचा थेंबही कोणी खर्चिला नाही.

अखेर तोच कागद माणसाच्या बाजूने उभा राहिला. १८७३ साली जोतिराव फुले यांची ‘गुलामगिरी’ निघाली. १८८८ साली पलटणीतून निवृत्त होऊन आपल्याच जिल्ह्यात दापोलीस राहिलेल्या गोपाळबाबा वलंगकरांनी ‘विटाळ विध्वंसन’ ही पुस्तिका छापून स्पृश्य समाजाला जाहीर प्रश्न विचारले. त्यांच्या हाती सत्ता नव्हती, प्रश्न होते.

आज संविधानाच्या १७ व्या अनुच्छेदाने अस्पृश्यता नष्ट केली आहे, आणि १९ व्या अनुच्छेदाने भाषण व लेखनाचे स्वातंत्र्य दिले आहे. गोपाळबाबांना जे लाभले नाही, ते तुम्हांस लाभले आहे. मग धम्मदीक्षेनंतरही मुलीच्या लग्नाची तिथी पाहण्यास ते पंचांग चोरून का उघडावे? मी वकील आहे, म्हणून सांगतो: कायदा तुमच्या दारापर्यंत येईल, घरातील गुलामगिरीला जाब तुम्हीच विचारला पाहिजे. केवळ परंपरेने आले म्हणून काही स्वीकारू नका, असे भगवान बुद्धांनी कालामांना सांगितले. मुहूर्ताचा कागद खुंटीवरून उतरवा. प्रश्न विचारणारा कागद घरात आणा, आणि ज्यांना वाचता येत नाही त्या वडीलधाऱ्यांना तो मोठ्याने वाचून दाखवा.

जय भीम.