चौकटीबाहेरची चित्रकथा



चित्रकथा म्हटली की आपणांस राजेरजवाडे व देवदानव आठवतात. ती रेखाटणारा हात कोणाचा, हा विचार आम्ही क्वचितच करतो. दिल्लीच्या ‘नवयान’ या लहानशा प्रकाशनसंस्थेने २०११ साली ‘भीमायन’ हे चित्ररूप आंबेडकरचरित्र काढले. शाळेत सोसलेली तहान व १९२७ चा महाडचा सत्याग्रह त्यात आहे. चित्रे मध्य प्रदेशातील परधान गोंड दांपत्य दुर्गाबाई व सुभाष व्याम यांची. माणसांना चौकोनांत कोंडणे त्यांनी नाकारले. प्रसंग विभागले ते घराच्या भिंतीवरील ‘दिग्ना’ नक्षीने. सौम्य बोल पक्ष्याच्या आकारात येतात, तर विटाळ मानणाऱ्याच्या बोलांना विंचवाची नांगी असते. अपमान कसा डसतो, हे वाचकास प्रत्यक्ष दिसते. त्याच वर्षी त्याच संस्थेने जोतीरावांच्या ‘गुलामगिरी’वर (१८७३) श्रीविद्या नटराजन व अपराजिता निनान या दोन स्त्रियांनी रचलेली चित्रकथाही प्रसिद्ध केली.

स्मरणिकेत आम्ही आपल्या पूर्वजांचा गौरव छापतो, ते योग्यच होय. परंतु त्याच पूर्वजांच्या काळी ज्यांना पाण्यासाठी उंबरठ्याबाहेर तिष्ठावे लागले, त्यांच्या बाजूची ही कथाही आपल्या मुलांच्या हाती पडली पाहिजे. त्यावाचून आमचा इतिहास अपुराच राहील.