कासचा पाऊस हिंजवडीवर



‘आयटीत नेमकं काय करतोस ते सांग,’ असा संयोजकांचा निरोप होता. काय करतो त्यापेक्षा काय चुकलो ते सांगतो, ते लवकर कळेल.

आठवीत बाईंनी जगाचा कापडी नकाशा खिळ्याला टांगून विचारलं होतं, ग्रीनलंड मोठं की भारत? आपण सगळे ओरडलो, ग्रीनलंड! प्रत्यक्षात भारत त्याच्या दीडपट आहे. गोल पृथ्वी सपाट कागदावर आणायची तर ती कुठेतरी ताणली जाणारच, असं बाई म्हणाल्या. ते ‘प्रक्षेपण’ मी मार्कांपुरतं पाठ केलं आणि विसरलो.

पुढे हिंजवडीत नोकरी लागली आणि हौस म्हणून मी पावसाचा एक नकाशा केला. पुण्याच्या हवामान विभागाने देशाचा रोजचा पाऊस 1901 पासून चौकडीत बसवला आहे. पाव अंशाचं एक घर, उभी 129 आणि आडवी 135. आपल्याकडे एक घर साधारण 26 किलोमीटर रुंद आणि 28 किलोमीटर उंच भरतं. मी घरं रंगवून एक चित्र केलं आणि मोबाइलवर नेहमी दिसतो त्या नकाशावर चारही कोपरे जुळवून ताणून बसवलं. कोपरे चोख जुळले. मी खूश!

आपला एक वर्गमित्र अजून भात लावतो. नाव सांगत नाही, तो समोरच बसलाय. त्या जुलैत तो वडिलांना घेऊन दवाखान्यात होता. माझ्या नकाशात हिंजवडीवर गडद निळा रंग दिसला, म्हणून त्याने तिथूनच लावणीची माणसं सांगितली. सकाळी माणसं आली तर खाचर कोरडं. चिखलणीपुरतंही पाणी नव्हतं. मजुरी मात्र द्यावी लागली. त्याचा फोन आला, तो काय बोलला ते इथे सांगण्यासारखं नाही.

दोन रात्री मी आकडे तपासले. आकड्यांत चूक नव्हतीच. चौकडीत प्रत्येक पाव अंश सारख्याच उंचीचा असतो. मोबाइलचा नकाशा मर्केटर पद्धतीचा, त्यात उत्तरेकडे जावं तसा अंश उंच होत जातो. मी दोन्ही नुसते कोपऱ्यांना बांधले होते. त्यामुळे वरची आणि खालची कड बरोबर, आणि मधला सगळा देश उत्तरेला सरकलेला. मध्य भारतात 100 किलोमीटर, आपल्याकडे 90च्या वर. हिंजवडीवर दिसत होता तो साताऱ्याजवळच्या कास पठाराच्या घरातला पाऊस!

कोपरे तपासले की काम झालं, असं समजणारा मी एकटाच नसेन. किनाऱ्याची रेघ एकदा नीट पाहिली असती तरी पकडलं गेलं असतं.

आता प्रत्येक घर स्वतःच्या अक्षांशावर वेगळं बसवतो. तरीही त्या घरात हिंजवडी आणि शिवाजीनगर एकत्रच येतात, म्हणजे एका खाचराचा पाऊस त्यातून कळायचा नाही. हे मी मित्राला समजावलं. मजुरीचे पैसे मात्र त्याने घेतले नाहीत.

दर जूनला त्याचा फोन येतो, “काय रे, हा पाऊस आपलाच ना?”