पेटुनियाचा नवा वाण आणि सुटलेला गुण



‘ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या, वाण नाही पण गुण लागला’ ही म्हण आपल्या बडोद्याच्या घरांतून अजून ऐकू येते. निम्मे बोलणे गुजरातीत चालणाऱ्या घरांतूनही येते. या म्हणीतल्या ‘वाण’चा अर्थ रंग. शेतकरी मात्र बियाण्याच्या जातीला वाण म्हणतो. पेटुनियाचा नवा वाण कसा तयार होतो हा माझा आजचा विषय या दोन अर्थांच्या मधोमध उभा आहे. जवळजवळ दोनशे वर्षे पेटुनियाचा नवा वाण म्हणजे नवा रंग, असेच पैदासकार धरून चालले. म्हण उलटी झाली. वाण लागत गेला आणि गुण सुटत गेला. तो गुण म्हणजे वास.

थंडीत ज्यांच्या गच्चीत चार कुंड्या असतात त्यांना पेटुनियाची ओळख करून द्यायला नको. नर्सरीवाला तिला ‘पिटुनिया’ म्हणतो. वांगी, बटाटा, मिरची आणि तंबाखू यांच्या कुळातली ही. दक्षिण अमेरिकेतल्या तुपी लोकांचा तंबाखूसाठी जो ‘पेतुन’ शब्द, त्यावरून हे नाव आले. तिला वास असतो असे सांगितले तर मात्र बरेच जण माझ्याकडे संशयाने पाहतात. त्यांचा दोष नाही. त्यांच्या कुंडीतल्या झाडाला खरेच वास नसतो.

बागेतली पेटुनिया जंगलात कुठेच सापडत नाही. ती दोन रानटी जातींचा संकर आहे. पहिली पेटुनिया ॲक्सिलारिस. 1767 मध्ये फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञ कॉमर्सन यांनी ती मॉन्टेव्हिडिओजवळ गोळा केली. फूल पांढरे, नळी लांब. दिवसा ते गप्प असते; अंधार पडला की वास सोडते, कारण त्याचे गिऱ्हाईक म्हणजे रात्री उडणारे, लांब सोंडेचे हॉकमॉथ पतंग. दुसरी जात पेटुनिया इंटेग्रिफोलिया. ट्वीडी नावाच्या स्कॉटिश माळ्याने ती दक्षिण अमेरिकेतून ग्लासगोच्या वनस्पतिउद्यानाला पाठवली आणि 1831 मध्ये तिचे वर्णन प्रसिद्ध झाले. फूल जांभळे, नळी आखूड, गिऱ्हाईक दिवसा येणाऱ्या मधमाश्या. तिला रात्रीच्या वासाची गरजच नाही. एकीने रंग सोडून वास धरला, दुसरीने वास सोडून रंग धरला. पांढऱ्या जातीत रंग चालू करणारे एक जनुक बिघडलेले असते. गंमत अशी की ते सगळीकडे एकाच प्रकारे बिघडलेले नाही. म्हणजे जंगलात हा बिघाड वेगवेगळा अनेकदा झाला आणि दर वेळी पतंगांनी तो टिकवला.

दोघींच्या गुणसूत्रांची संख्या सारखीच, चौदा. त्यामुळे त्यांचा संकर सहज होतो आणि त्याला बीही धरते. 1834 च्या सुमारास इंग्लंडमधल्या नॉर्थॅम्प्टनच्या ॲटकिन्स नावाच्या रोपवाटिकावाल्याने तो केला, आणि त्यानंतर युरोपच्या बागांत पेटुनियाचे रंग मोजणे अवघड झाले. जांभळ्याचे जनुक आणि पांढऱ्याचे जनुक एकत्र आले की पुढच्या पिढ्यांत गुलाबी, फिका, शिरा उमटलेला, कडेला पांढरा पट्टा असलेला अशी फुले सुटी होऊन बाहेर पडतात. हे बाहेर पडणे कसे होते ते एकदा हातांनी करून पाहिल्याशिवाय कळत नाही, म्हणून इथे मी जरा रेंगाळणार आहे.

समजा, तुमच्याकडे एक गडद जांभळी पेटुनिया आहे, वास असलेली. आणि एक बुटकी गुलाबी आहे, भरपूर फुलणारी, बिनवासाची. जांभळीला आई करू. तिची अशी कळी निवडायची की जी रंगाला आली आहे पण उमललेली नाही. नखाने किंवा बारीक कात्रीने नळी उभी चिरायची. आत पाच पुंकेसर दिसतील. त्यांचे परागकोश अजून बंद, ओलसर असले पाहिजेत. भुकटी दिसली तर ती कळी सोडून द्यायची. चिमट्याने पाचही काढायचे. चार काढून पाचवा राहिला तर सगळा हिशेब बुडाला. मधली कुक्षी हिरवट, टाचणीच्या डोक्याएवढी. ती दुसऱ्या दिवशी चकचकीत आणि चिकट झाली की गुलाबी झाडाच्या उमललेल्या फुलाचा परागकोश तिच्यावर अलगद टेकवायचा. देठाला दोरा बांधून चिठ्ठी लावायची: आई, बाप, तारीख. पराग लागले की एक-दोन दिवसांत फूल मान टाकते. घाबरू नये, काम झाल्याची ती खूण आहे. काम झाले की फूल वास सोडणेही थांबवते. ज्याच्यासाठी दुकान उघडले तो गिऱ्हाईक येऊन गेला, आता दिवा कशाला जाळायचा?

महिनाभरात बोंड तपकिरी होते. ते फुटण्याआधी कागदाच्या पुडीत काढून घ्यावे. बी धुळीसारखे असते. एका ग्रॅममध्ये सुमारे 10,000 दाणे भरतात. पेरताना त्यावर माती घालायची नाही, उगवायला त्याला उजेड लागतो. ज्यांची पेटुनिया कधी उगवली नाही त्यांनी बहुधा ती मायेने मातीखाली झाकलेली असते.

हे झाले सोपे काम. या बियांतून येणारी पहिली पिढी, जर आई-बाप दोघेही शुद्ध वाणाचे असतील तर, जवळजवळ एकसारखी दिसते. नवे काही त्यात दिसत नाही म्हणून माणसे इथेच नाद सोडतात. खरा खजिना दुसऱ्या पिढीत असतो. पहिल्या पिढीतल्या झाडाचे पराग त्याच झाडाला लावून बी धरायचे. काही झाडे स्वतःचे पराग नाकारतात. त्यांना फसवायची एक जुनी युक्ती आहे: उमलायला एक-दोन दिवस असलेल्या कोवळ्या कळीच्या कुक्षीला त्याच झाडाच्या उमललेल्या फुलाचे पराग लावायचे. कळी अजून नाही म्हणायला शिकलेली नसते. या बियांतून जी झाडे येतात त्यांत आजी-आजोबांचे सगळे गुण पत्ते पिसल्यासारखे वाटले जातात.

आता थोडे गणित. तुम्हाला हवे असलेले तीन गुण प्रत्येकी एका अप्रभावी जनुकावर अवलंबून आहेत असे धरा. ते तिन्ही एका झाडात येण्याची शक्यता 64 त एक. असे एक तरी झाड मिळेलच अशी 95 टक्के खात्री हवी असेल तर सुमारे 190 झाडे वाढवावी लागतात. 190 कुंड्या! आणि त्यांतल्या 189 झाडांचा, त्यांनी काही वाईट केलेले नसताना, निरोप घ्यायचा. नवा वाण करणे म्हणजे जोडणे असे आपल्याला वाटते. पैदासकाराचे आयुष्य खरे तर टाकण्यात जाते. मिळालेले एक झाडही लगेच वाण होत नाही. स्वपरागणाने दर पिढीत त्याच्यातली अस्थिरता निम्मी होत जाते: 50 टक्के, 25, मग साडेबारा. सातव्या पिढीला ती दीड टक्क्याच्या आसपास येते, तेव्हा बी पेरले की तेच फूल येईल असा भरवसा धरता येतो. बडोद्यात सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबरात पेरणी, मार्चपर्यंत बी, आणि पुढे ऊन. वर्षाला एकच पिढी. म्हणजे सात वर्षांचे व्रत.

टाकायचे कशाच्या जोरावर, हा कळीचा प्रश्न आहे, आणि वास सुटला तो इथेच. पैदासकार शेतात फिरतो दिवसा. रंग, आकार, झाडाची ठेवण, फुलांची संख्या हे सगळे डोळ्यांना दिसते. वास रात्री सुटतो, तेव्हा तो घरी जेवत असतो. वास नसलेले झाड टाकावे असे कोणाच्या वहीत लिहिलेले नव्हते. कोणी वासाचा द्वेष केला नाही. त्याची नोंद ठेवली नाही, एवढेच. 2005 मध्ये ॲमस्टरडॅमच्या शास्त्रज्ञांनी पेटुनियात ‘ओडोरंट-1’ हे वासाच्या रसायनांची निर्मिती चालू करणारे जनुक शोधले. म्हणजे वासाची किल्ली सापडली, पण बाजारातल्या बहुतेक पाकिटांवर आजही वासाचा उल्लेख नसतो. जांभळ्या-निळ्या आणि पांढऱ्या वाणांत अजून तो बऱ्यापैकी टिकून आहे. लाल आणि गुलाबी हुंगून पाहा, पाण्यासारखे.

विसाव्या शतकात हा खेळ बागेतून कारखान्यात गेला. जपानच्या साकाता कंपनीने 1930 च्या दशकात सगळीच्या सगळी झाडे दुहेरी फुलांची येतील असे बी विकायला आणले. दुहेरीपणा पेटुनियात प्रभावी आहे, पण दुहेरी फुलाला सहसा बी धरत नाही, म्हणून त्याला बाप करावे लागते. आणि सगळी संतती दुहेरी हवी तर तो बाप दोन्ही बाजूंनी दुहेरी असावा लागतो. मग अमेरिकेत पहिल्या पिढीचे संकरित बी आले. 1953 चे ‘कोमांचे’ हे लाल फूल त्यांतले गाजलेले. ते बी घरी धरले तर पुढच्या वर्षी तेच फूल येत नाही, त्यामुळे गिऱ्हाईक दर वर्षी दुकानात. दर वर्षी दर फुलाला हातानेच पराग लावायचे, म्हणून क्लॉड होप या अमेरिकन पैदासकाराने आपले शेत कोस्टा रिकात उभारले. 1989 ची लोंबती ‘सर्फिनिया’ सनटोरीची, 1995 ला पारितोषिक मिळवणारी पसरट ‘पर्पल वेव्ह’ किरिनची. एक कंपनी व्हिस्कीची, दुसरी बिअरची. दारूवाल्यांनी इतकी चांगली फुले दिली हे अध्यक्षांच्या परवानगीने नमूद करतो.

नारिंगी पेटुनियाची गोष्ट मात्र थोडक्यात सांगण्यासारखी नाही. पेटुनियात नारिंगी रंग येत नाही, कारण त्या रंगाच्या वाटेवरचे तिचे एक विकर लागणारा कच्चा माल स्वीकारत नाही. मक्याचे विकर स्वीकारते. 1987 मध्ये कोलोनच्या माक्स प्लांक संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी मक्याचे ते जनुक पेटुनियात घातले आणि विटकरी-नारिंगी फूल मिळवले. 1990 मध्ये अशी सुमारे 30,000 झाडे उघड्या शेतात लावली, तर उन्हाळा चढला तशी बरीच फुले फिकी पडली. जनुक जागेवर होते, पण गप्प बसले होते. त्याच वर्षी अमेरिकेत जॉर्गेन्सन यांनी जांभळा रंग गडद करायला त्या रंगाचेच जादा जनुक घातले, तर फुले चक्क पांढरी आली. जनुके एकमेकांना गप्प करतात याचा हा धागा पुढे इतरांनी किड्यांमध्ये उलगडला आणि त्याला 2006 चे नोबेल मिळाले.

नारिंगी फूल प्रयोगशाळेच्या कागदपत्रांत संपले असे सगळ्यांना वाटत होते. 2015 मध्ये हेलसिंकीच्या रेल्वे स्थानकाजवळच्या कुंड्यांत टेमू टेरी या वनस्पतिशास्त्रज्ञाला नारिंगी पेटुनिया दिसल्या. त्यांनी तुकडा तोडून तपासला, तर मक्याचे जनुक. 2017 मध्ये फिनलंडच्या अन्नसुरक्षा खात्याने त्या बाजारातून काढायला लावल्या. पाठोपाठ युरोप-अमेरिकेत कित्येक वाण नष्ट करावे लागले. विकणाऱ्या अनेकांना आपल्या फुलात काय आहे याचा पत्ता नव्हता. सुंदर रंग दिसला, संकरात घेतला, त्याचा पुन्हा संकर केला, आणि वंशावळ कोणी विचारली नाही. 2021 मध्ये अमेरिकेने ही झाडे निर्धोक ठरवून मोकळी केली. माणसाला त्यांच्यापासून धोका नव्हताच. पण आपण लग्न जमवताना आजोळापर्यंत चौकशी करतो, आणि इथे कोट्यवधींच्या उलाढालीत फुलाची आई कोण हे कोणाला सांगता येईना.

म्हणून देठावरची ती चिठ्ठी. आपल्याकडच्या 2001 च्या वाण संरक्षण कायद्यात नव्या वाणासाठी चार कसोट्या आहेत: नावीन्य, वेगळेपणा, एकसारखेपणा, स्थैर्य. पिकांच्या वाणाला 15 वर्षे संरक्षण मिळते. त्याच कायद्याने शेतकऱ्याला धरलेले बी वापरण्याचा, देण्याघेण्याचा, विकण्याचा हक्क दिला, फक्त कंपनीच्या नावाच्या पाकिटात नव्हे. आणि नोंदलेला वाण नव्या वाणासाठी प्रयोगात वापरण्याचीही मुभा ठेवली. दुकानातली पाकिटे आणून त्यांतून स्वतःचे काही घडवणाऱ्याला हा कायदा अडवत नाही. चारही कसोट्यांत वास कुठे आहे, असे तुम्ही विचाराल. वेगळेपणात तो बसू शकतो. पण तो तिथे आणून ठेवणारे कोणी हवे.

मोठ्या कंपन्या ते करतील असे मला वाटत नाही. त्यांचे गिऱ्हाईक फुले दिवसा आणि दुकानात बघते. आपल्याला मात्र संध्याकाळी गच्चीत बसायची सवय आहे. चार-पाच घरांनी मिळून 40-40 रोपे वाटून घेतली तर 190 चा आकडा जड नाही. दोन अटी मी घालीन. निवड संध्याकाळी सातनंतर करायची, एका बैठकीत दहापेक्षा जास्त झाडे हुंगायची नाहीत, कारण नाक थकते. सर्दी झालेल्याने त्या दिवशी पाणी घालावे. आणि मार्चअखेर उन्हाने माना टाकलेल्या झाडांत जे शेवटपर्यंत उभे राहील त्याचेही बी वेगळ्या पुडीत ठेवायचे. आपल्या हवेतला टिकाऊपणा कोलोनला किंवा कोस्टा रिकात कोणी तपासणार नाही.

बी कोरड्या बाटलीत, फ्रिजच्या खालच्या कप्प्यात, पुडीवर आई, बाप आणि तारीख लिहून. पेरणी नवरात्राच्या आसपास.