सहजीवी ताऱ्याचें उजळणें



भुजंगधारी तारकासमूहांत ‘आर. एस.’ या अक्षरांनीं ओळखला जाणारा एक तारा आहे. एरवीं तो नुसत्या डोळ्यांस दिसत नाहीं. वस्तुतः तें जोडपें आहे: एक फुगलेला तांबडा तारा आणि त्याचें द्रव्य ओढून घेणारा लहानसा श्वेत बटु. अशांस सहजीवी तारे म्हणतात. पण हें सहजीवन शांत नव्हे. बटूच्या पृष्ठावर सांचलेला हायड्रोजन मधून मधून भडकतो आणि तारा एकाएकीं उजळतो.

१२ फेब्रुवारी २००६ रोजीं तसेंच झालें. डोळ्यांस दिसणारें तेज थोड्याच दिवसांत ओसरूं लागलें. पण स्फोटाचा धक्का तांबड्या ताऱ्याच्या वाऱ्यावर आदळून वायु कोट्यवधि अंश तापला आहे, हें क्ष-किरणांनीं सांगितलें. पुढें नारायणगांवाजवळील खोडदच्या रेडिओ-दुर्बिणीस २० व्या दिवशीं अर्ध्या मीटरच्या, तर ३८ व्या दिवशीं सुमारें एक मीटरच्या लहरी आढळल्या. लांब लहरी उशिरां कां? तांबड्या ताऱ्याच्या वाऱ्याचा पडदा त्यांना अधिक अडवितो. धक्का त्या पडद्यांतून बाहेर सरकूं लागला, तेव्हां त्या सुटल्या.

प्रत्येक स्फोटांत बटु सारें द्रव्य उधळतो कीं थोडें राखतो, हा खरा प्रश्न आहे. राखीत गेला, तर सूर्याच्या सुमारें १.४ पट वस्तुमानाशीं त्याचा अंत ठेवलेला आहे. हा हिशेब एका साक्षीवर होणार नाहीं. ऑगस्ट २०२१ मध्यें तारा पुन्हां उजळला, तेव्हां नामिबियांतील दुर्बिणींनीं गॅमा किरणांचीहि साक्ष नोंदविली. डोळा पहिली वर्दी देतो. निकाल मात्र सर्वांचें ऐकूनच द्यावा लागतो.